अ‍ॅक्सिडेंटवाल्या मॅडम

बागवान मॅडम रागावल्या नाहीत असा एकही दिवस मला आठवत नाही. अभ्यास न केलेल्या मुलींवर त्या फारशा चिडत नसत. उशिरा येणाऱ्या शिपायावर, तुटलेल्या फळ्यावर, वीज गेल्यावर बाकीचे चिडत, तेव्हा त्या शांत असत. त्यांचा राग ताटावर असायचा. कुणाच्याही, कुठल्याही ताटावर.

नांदुऱ्याच्या आमच्या शाळेत त्या गृहविज्ञान शिकवत आणि मी मराठी. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, म्हणून मला नावाने हाक मारत आणि मी त्यांना मॅडम म्हणे. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, डोक्यावरून घट्ट पदर घेतलेला. पर्समध्ये पैसे असोत नसोत, लिंबं असायचीच. मधली सुट्टी झाली की स्टाफरूममध्ये एकेकाच्या डब्यात त्या वाकून पाहत.

"पोळी पांढरी, भात पांढरा, वर बटाटा. सुनंदा, हा डबा आहे का चुन्याची डबी?"

मी काही बोलण्याच्या आत त्या माझ्या भाजीवर अर्धं लिंबू पिळून मोकळ्या होत. विचारायची पद्धत नव्हती. मुख्याध्यापकांच्या डब्यावरही त्यांनी एकदा असंच लिंबू पिळलं, आणि ते नेमकं दूधभातावर पडलं. सर बिचारे त्या दिवसापासून केबिनमध्ये जेवू लागले.

मॅडम मूळच्या बीबी गावच्या. वडील तिथल्या बाजारात फळं विकत. पेरू, जांभळं, सीताफळं, बोरं, ज्या ऋतूत जे येईल ते. विकली न गेलेली फळं खातच ही सगळी भावंडं वाढली. "आमच्या घरी गरिबी होती, पण ताट रंगीत होतं," असं त्या म्हणत. बीबी जालन्याच्या बाजूला, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात तिकडचा हेल होता. "काय करू लागलीस?" असं त्यांनी विचारलं की मुली तोंडावर हात धरून हसत, कारण इकडे सगळ्या "काय करून राह्यली?" म्हणणाऱ्या. पुढे पुढे मॅडमही खेड्यातल्या बायांशी अस्सल वऱ्हाडी बोलू लागल्या. फक्त राग आला की मूळच्या बोलीवर जात.

दरवर्षी नववीच्या वर्गात त्या एक वांगं कापत. एका फोडीला लिंबू चोळत, दुसरी तशीच ठेवत. तास संपेपर्यंत उघडी फोड काळी पडलेली असे आणि लिंबाची बरीचशी पांढरी. मग त्या सांगत, "कापलेल्या वांग्याला हवा लागली की ते काळं पडतं. आपल्या शरीरातही रोजच्या घडामोडीत असे काही पदार्थ तयार होतात, जे पेशींची झीज करतात. पालेभाज्या, फळं, हळद, टोमॅटो, आवळा यांच्यात ती झीज रोखायला मदत करणारे घटक असतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. माणूस म्हणजे वांगं नाही, हे फक्त समजण्यापुरतं. आणि हे औषध नाही. रोजचं जेवण आहे."

शेवटची दोन वाक्यं त्या कधी गाळत नसत. पण घरी जाताना मुली नेमकी तीच विसरत आणि तो अवघड शब्द तेवढा घेऊन जात. एका मुलीचे वडील काळी-पिवळी टॅक्सी चालवायचे. ते एक दिवस स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, पोट्टी सांगत होती, तुमी अँटी-अ‍ॅक्सिडेंट शिकोता म्हने. लिंबानं होते म्हने. आमी त गाडीले लिंबू-मिरची बांधतोच. तुमचं काही येगळं असन त सांगा."

आम्ही सगळे हसून हसून बेजार झालो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्या माणसाला समोर बसवून अख्खा धडा पुन्हा शिकवला. तो मान डोलावत राहिला आणि उठताना म्हणाला, "म्हंजे लिंबू खायाचं, बांधायचं नाई." त्या दिवसापासून आसपासच्या खेड्यांत त्यांचं नाव पडलं, अ‍ॅक्सिडेंटवाल्या मॅडम.

ते दिवस बीटी कपाशीचे. पहिल्या वर्षांत बोंडअळी गेली म्हणून लोक खूश होते आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण पूर्वी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्याच, ओळींमध्ये तूर असायची, बरबटीच्या शेंगा असायच्या, अंबाडी असायची. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, वाळकाचे वेल पसरलेले असायचे. बाई निंदायला गेली की येताना लुगड्याच्या ओट्यात भाजी घेऊन यायची. आता धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत नुसती पऱ्हाटी, आणि बाजारात ट्रकने आलेली पत्ताकोबी आणि बटाटे. मॅडम एसटीच्या खिडकीतून हे बघत आणि माझा दंड दाबत. "बघ, धुऱ्यालाही कपाशी. सुनंदा, या लोकांनी खायचं काय?" मी म्हणे, कापूस विकून विकत घेतील. "घेतात का?" त्या विचारत. डबे मीही बघत होतेच.

म्हणून त्यांनी शाळेत रानभाज्यांचं प्रदर्शन ठरवलं. मुलींनी आपापल्या शिवारातून भाज्या आणायच्या, शिजवायच्या, नाव लिहून मांडायच्या. जिल्ह्याचे कोणी अधिकारी पाहुणे म्हणून येणार होते. मुली हौसेने कामाला लागल्या. तरोटा, घोळ, चिवळ, तांदुळजा, कुंजर अशी नावं फळ्यावर लिहिली गेली. सगळ्यांत जास्त भाजी आणली नववीतल्या वैशालीने. तिचे वडील गजाननभाऊ पोतंभर तांदुळजा स्वतः सायकलवर घेऊन आले, आणि आई शोभाबाई चुलीपाशी बसून मुलींना चिरायला मदत करू लागल्या. चिरलेल्या भाज्या एकत्र होत गेल्या, मोठ्या पातेल्यांत शिजू लागल्या. मॅडम त्या दिवशी इतक्या खुशीत होत्या की कुणाच्या डब्यात डोकावल्याही नाहीत.

पाहुण्यांची गाडी निघाल्याचा फोन आला होता. मॅडम सहज गजाननभाऊंना म्हणाल्या, "एवढी भाजी कुठं सापडली हो तुमाले?"

"आपल्याच वावरात, मॅडम. पऱ्हाटीत लय माजली होती. एरवी फेकूनच देतो."

"आता कपाशीले फवारा लागत नाई म्हना."

"अळीचा नाई लागत. पन मावा, तुडतुडे हायेत न. त्याचा मारा लागते. काल सकाळीच मारला." मॅडमचा चेहरा बघून ते घाईने म्हणाले, "धुतली न पन! दोन पान्यानं धुतली."

मॅडमनी हातातली पळी खाली ठेवली. मग एका शिपायाला हाक मारून पातेली उचलायला लावली. कुठला पाला कुठल्या वावरातला हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून सगळीच उचलली. मैदानामागे झाडं लावायला खणलेला खड्डा होता, त्यात ती एकामागून एक उपडी केली. मुली रडू लागल्या. मुख्याध्यापक धावत आले.

"मॅडम, काय करताय? निदान मांडून तरी ठेवा. कोण खाणार आहे?"

"मांडलं की कोणीतरी खातंच, सर."

पाहुणे आले तेव्हा टेबलांवर नावांच्या चिठ्ठ्या होत्या आणि पुढे रिकाम्या ताटल्या. त्यांनी आहाराच्या महत्त्वावर भाषण केलं आणि चहा घेऊन गेले. मॅडम मागच्या रांगेत हात बांधून बसून होत्या. कार्यक्रम संपल्यावर शोभाबाई त्यांच्याजवळ आल्या. भांडायला नव्हत्या आल्या.

"मॅडम, तुमी फेकून देल्लं, बरं केलं. पोरीयच्या जिवाचं पाह्यलं. पन आमी त हेच खातो. काल रातीही हेच खाल्लं. आमी काय फेकाव?"

मला मॅडमचा चेहरा अजून दिसतो. राग कुणावर काढावा हे न कळलेल्या माणसाचा चेहरा.

पुढच्या रविवारी त्या मला घेऊन गजाननभाऊंच्या वावरात गेल्या. गजाननभाऊ भला माणूस. त्यांनी बाभळीखाली घोंगडी अंथरली, पाणी दिलं. मॅडमनी लगेच मुद्द्याला हात घातला. बीटीच्या पाकिटात बिनबीटीच्या बियाण्याची एक लहान पुडी यायची. अळी बीटीला सरावू नये म्हणून कडेने तिच्या ओळी लावायच्या असा नियम होता.

"ते पुडीतलं लावता का तुमी?"

"कोन लावते, मॅडम? टाकून देतात सारे."

"मंग त्या जागेत बरबटी लावा. अंबाडी लावा. घरच्यापुरती."

गजाननभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "लावीन न. माह्यं काय जाते? पन फवारा मारला का वारं येते. वाऱ्याले काय समजते, पऱ्हाटी कोनती न भाजी कोनती?"

मग मॅडम म्हणाल्या, "घराजवळ जागा आहे?"

घरामागे न्हाणीचं पाणी जायचं, तिथे थोडी जागा होती. मॅडमनी बी आणून दिलं, शेवग्याची फांदी आणून दिली, वर दर आठवड्याला वैशालीकडून चौकशी. त्या पावसाळ्यात अंबाडी कमरेएवढी झाली. शोभाबाई एक दिवस लाल देठांची जुडी आणि ज्वारीच्या कण्या घातलेली अंबाडीची भाजी घेऊन शाळेत आल्या. मॅडमनी ती स्टाफरूममध्ये सगळ्यांना जबरदस्तीने वाढली. "खा, खा. हा रंग बघ." त्यांना इतकं आनंदात मी त्यानंतर कधी पाहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाणी गेलं. न्हाणीपुरतंही पाणी नव्हतं तर वाफ्याला कुठून येणार? राहिलेलं बकऱ्यांनी खाल्लं. मॅडम बकऱ्यांवरही चिडल्या.

त्यानंतरची गोष्ट सांगताना मलाच संताप येतो.

आमच्या शाळेतले गणिताचे पाटील सर त्या काळात एका आरोग्याच्या पावडरीच्या धंद्यात शिरले होते. आधी स्वतः डबा घ्यायचा, मग दुसऱ्याला द्यायचा, त्याने तिसऱ्याला. एक दिवस ते मॅडमना म्हणाले, "खामगावला आरोग्यावर कार्यक्रम आहे. अँटिऑक्सिडंटवर तुमच्याइतकं कोण बोलणार? तुम्ही याच."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मॅडमना कुणी व्याख्यानाला बोलावलं नव्हतं. त्या लाजल्या. खरंच लाजल्या. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली, पिशवीत वांगं, लिंबं आणि पेरू घेतले. मीही बरोबर होते. हॉल बायकांनी भरलेला होता, त्यात आमच्या कितीतरी मुलींच्या आया. पाटील सरांकडे पालकांचे फोन नंबर होतेच. मॅडमनी वांगं कापलं, समजावलं, जेवणात रोज काय असावं ते सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शोभाबाई दुसऱ्या रांगेत होत्या, त्या सगळ्यांच्या वर हात करून टाळ्या वाजवत होत्या.

मग सफारी घातलेला एक माणूस उठला, माइक हातात घेतला आणि एक चकचकीत डबा वर धरला.

"मॅडमनी आत्ता जे सांगितलं, ते सगळं या एका डब्यात आहे. शुगर, बीपी, गुडघेदुखी, थकवा. रोज एक चमचा."

मॅडम उठल्या. माइक नव्हता, तरी त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "हे मी बोलले नाही! डब्यात काय आहे मला माहीत नाही. पण हे औषध नाही. कुणी गोळ्या बंद करायच्या नाहीत. पेरू खा, आवळा खा, पाला खा!"

सफारीवाला हसत म्हणाला, "मॅडम अगदी बरोबर बोलल्या. पण आजच्या धावपळीत एवढं सगळं कोणाला जमतं?" बायका मॅडमकडे बघून माना डोलवत होत्या आणि डबे ठेवलेल्या टेबलाकडे सरकत होत्या. मॅडम गर्दीत घुसून शोभाबाईंपर्यंत पोचल्या.

"शोभाबाई, डबा नका घेऊ."

"मॅडम, वैशालीच्या बापानं आधीच घेतला. पाटील सर घरी आले होते." त्या गोंधळल्या होत्या. "पन तुमीच त शिकोलं न? अँटी-अ‍ॅक्सिडेंट. डब्यावर तेच लिहून हाये. वैशालीनं वाचून दाखोलं."

शोभाबाईंना शुगर होती, हे मॅडमना माहीत होतं. "मंग गोळ्या तरी चालू ठेवा. ठेवान न?"

"हाव, मॅडम."

त्यांनी ठेवल्या नाहीत. फसवावं म्हणून नव्हे. पावडर घेत असताना गोळ्या कशाला, असं त्यांना साधं वाटलं आणि पाटील सरांनीही तसंच सांगितलं. कापूस निघाल्यावर वावरात पऱ्हाटीचा खुंट शोभाबाईंच्या पायाला लागला. जखम भरेना. कॉलेजात जाणारी वैशाली एक दिवस रडत शाळेत आली, तेव्हा कुठे आम्हाला कळलं. मॅडम तास अर्धवट सोडून रिक्षा करून गेल्या आणि शोभाबाईंना खामगावच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. पायाचं बोट काढावं लागलं.

मी भेटायला गेले तेव्हा मॅडम खाटेजवळच्या स्टुलावर बसून होत्या. शोभाबाई त्यांची समजूत काढत होत्या. आजारी कोण आणि धीर कोण देतंय, काही कळेना.

"रागावू नका, मॅडम. मी पावडर चुकोली नाई कधी. रोज घेत होती."

मॅडम म्हणाल्या, "तुमच्यावर नाही रागावले मी." इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये पाटील सरांसमोर उभ्या राहिल्या. पाटील सरांनी मान वर केली आणि म्हणाले, "मी कुणावर जबरदस्ती केली का? आणि स्टेजवर तुम्ही होतात, मॅडम. माझ्या नावावर एवढ्या बाया आल्या असत्या का?"

मॅडमनी तक्रार केली. जिथे केली, तिथे त्यांना हेच विचारलं गेलं. व्याख्यान तर तुम्हीच दिलं ना? त्यांनी हो म्हटलं. कागद तिथेच राहिला. सफारीवाला दुसऱ्या गावी गेला, पाटील सरांनी पुढे विम्याचं काम धरलं. एका टेबलावर बसून ती दोघं आपापले डबे खात राहिली आणि मॅडमनी पाटील सरांशी बोलणंच सोडलं. बाकीच्यांच्या डब्यांवर लिंबू पिळणं चालू होतं. पण मला ते पूर्वीसारखं वाटत नसे. हात जोरात दाबला जायचा, बिया भाजीत पडायच्या.

वांगं कापणंही त्यांनी बंद केलं. एकदा वर्गाबाहेरून जाताना मी ऐकलं, एक मुलगी विचारत होती, "मॅडम, अँटिऑक्सिडंट म्हणजे काय?"

"पुस्तकात आहे. परीक्षेपुरतं पाठ कर," मॅडम म्हणाल्या. "आणि आज तुझ्या घरी कुठली भाजी केली ते सांग."

"आलूची."

"काल?"

"आलूचीच."

पुढचं मी ऐकलं नाही, पण मुलगी हिरमुसलेली बाहेर आली. मी नंतर मॅडमना म्हटलं, तिच्या घरी दुसरं काही नसेल तर ती काय करणार? त्या माझ्यावरच उखडल्या. "मला माहीत नाही का ते? मग गप्प बसू? तू सांग, गप्प बसू?"

निवृत्तीच्या दिवशी शाळेने बटाटेवडे मागवले होते. सगळे चांगलं बोलले. मॅडमची पाळी आली तेव्हा त्या उठल्या आणि समोर बसलेल्या मुलींकडे वळल्या. "मी एवढी वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या, "आणि लोकांनी माझा शब्द तेवढा घेतला, भाजी घेतलीच नाही." मग खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. त्यांनी वडा घेतला नाही.

त्यानंतर त्या खामगावला लेकाकडे राहायला गेल्या. फोन व्हायचे, मग कमी झाले. शेवटचं मी त्यांना पाहिलं ते खामगावच्या बाजाराच्या दिवशी. मी एसटीत होते आणि गाडी गर्दीत अडकली होती. खिडकीतून पाहते तर मॅडम एका भाजीच्या हातगाड्यापाशी. वाकल्या होत्या, खूप बारीक झाल्या होत्या, काठी होती. शेजारी एक तरुण मुलगी मुळे विकत घेत होती. गाडीवाल्याने सवयीने मुळ्यांचा पाला पिळून तोडला आणि खाली टाकला. मॅडमनी काठी गाड्याला टेकवली, वाकून तो सगळा पाला उचलला, झटकला आणि मुलीच्या पिशवीत घातला.

"काय करता, आजी? कोण हो तुमी?" मुलगी दचकून म्हणाली.

"कोणी नाही. पाला टाकायचा नाही. मुळ्यापेक्षा पाला चांगला. धुऊन, लसूण घालून कर."

मी खिडकीतून हाक मारली, पण समोर कुणी भोंगा वाजवत होतं. मॅडम काठी घेऊन पुढे निघाल्या. त्या जरा लांब गेल्यासारख्या वाटल्यावर मुलीने पिशवीतून पाला काढला आणि हळूच गाड्याखाली सोडला. गाडीवाला हसला.

पुढची गर्दी सुटली आणि आमची गाडी हलली. मी मान वळवून बघत राहिले. मॅडम थांबल्या होत्या आणि मागे वळून बघत होत्या. त्यांनी पाहिलं होतं. बाजूने एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, त्याला त्यांनी काठीनेच बाजूला केलं आणि त्या पुन्हा त्या गाड्याच्या दिशेने चालू लागल्या.